शंभराचा शॉट : २००२च्या कॅमारोवर नायट्रस किट बसवताना

गाडी २००२ सालची शेवरोले कॅमारो एसएस. एलएस१ जातीचं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कारखान्याच्या कागदावर ३२५ हॉर्सपॉवर. मालक मूळचे सांगलीचे, गेली अनेक वर्षं डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतात. याच गाडीने ऑफिसला जातात आणि ड्रॅग रेसची पट्टी सर्वांसाठी खुली असेल त्या रात्री एनिसच्या टेक्सास मोटरप्लेक्सवर पाव मैल पळवतात. ही पट्टी १९८६ची, अख्खा पाव मैल काँक्रीटचा. तिथे त्यांची वेळ १३.४ सेकंद आणि वेग ताशी १०६ मैल यांच्यापुढे जात नव्हती. एक दिवस त्यांचा फोन आला, "दीडशेचं किट मिळालंय, वापरलेलं आहे पण पूर्ण आहे. तुम्ही फक्त एकदा नजरेखालून घाला."

दीडशेचं म्हणजे १५० हॉर्सपॉवरचा शॉट : नायट्रस ऑक्साइड गॅस फवारून इंजिनाला काही सेकंद तेवढी जादा ताकद द्यायची. मी किट बघायला गेलो आणि पुढचे काही महिने त्या गाडीत गुंतलो. या प्रकरणात नायट्रसच्या जवळजवळ सगळ्या खाचाखोचा एकाच गाडीत समोर आल्या, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

किट उघडलं तेव्हा

आधी बाटली हातात घेतली. ॲल्युमिनियमची दहा पौंडी बाटली, खांद्यावर डीओटी-३एएल१८०० असा ठसा. इथवर ठीक. ठशाशेजारी शेवटच्या दाबचाचणीची तारीख असते आणि या जातीच्या बाटलीला अमेरिकेत दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. ही तारीख दहा वर्षांहून जुनी होती. अशी बाटली कुठलाही जबाबदार दुकानदार भरून देत नाही, आणि देणारा भेटला तर तिथून निघावं. व्हॉल्व्हच्या बाजूला सुरक्षा चकती असते. दाब हाताबाहेर गेला की ती फुटते आणि बाटली वाचते. चकती होती, पण फुटल्यावर गॅस गाडीबाहेर नेणारी नळी नव्हती. बंद गाडीत दहा पौंड नायट्रस ऑक्साइड एकदम सुटला तर काच पांढरी होते, दिसेनासं होतं, आणि आतल्या माणसाला श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. नायट्रसमध्ये ऑक्सिजन असला तरी तो रेणूत बांधलेला असतो, फुप्फुसाला त्याचा उपयोग नाही.

मग सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह, खोलून बघितले. इंधनाच्या सोलेनॉइडच्या जाळीवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता. आधीच्या कुणीतरी सगळ्याच जोडांवर टेप गुंडाळली होती. कोन जुळवून बसणाऱ्या फ्लेअर जोडांना टेप लागतच नाही, त्यांचं सील धातूवर धातू बसून होतं. चढत्या आट्यांच्या जोडांना पातळ पेस्ट लावतात. हा तुकडा जाळीतून निसटून इंधनाच्या जेटमध्ये, म्हणजे प्रवाह ठरवणाऱ्या बारीक भोकात, बसला असता, तर नायट्रस पूर्ण आणि पेट्रोल अर्धं अशी स्थिती झाली असती. आठपैकी एखाद्या पिस्टनला भोक पडायला तेवढं पुरतं, आणि त्याला दोन-तीन सेकंदही लागत नाहीत.

ते किट परत गेलं. मालकांना वाईट वाटलं, कारण किंमत निम्म्याहून कमी होती. पण नायट्रसमध्ये जुनं घेण्यासारखं फारसं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. ब्रॅकेट घ्या, स्विच घ्या. बाटली, सोलेनॉइड आणि होज नवे घ्या.

हा गॅस करतो काय

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत साधारण २३ टक्के. सिलिंडरमध्ये ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि जास्तीचं पेट्रोल जाळायला मिळतं. शिवाय बाटलीतला द्रव बाहेर पडताना उकळतो, येणारी हवा थंड करतो आणि हवा दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने उंचीवर विरळ हवेत इंजिनाला दम मिळावा म्हणून हाच गॅस वापरला होता. त्या यंत्रणेचं नाव जीएम-१.

म्हणजे ताकद येते ती जास्तीच्या पेट्रोलमधून. नायट्रस फक्त ते जाळायची सोय करतो. हे एकदा डोक्यात बसलं की किट निवडताना पहिला प्रश्न आपोआप बदलतो. किती हॉर्सपॉवरचा शॉट, याआधी विचारायचं ते हे, की या गाडीची इंधनव्यवस्था किती जास्तीचं पेट्रोल, किती दाबाने, न डगमगता देऊ शकते. "नायट्रसने इंजिन उडालं" असं लोक सांगतात तेव्हा खोदून विचारलं तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडलेलं असतं, नाहीतर ठिणगी फार लवकर पडलेली असते.

आधी गाडी तपासली

नवं किट मागवण्याआधी कॉम्प्रेशन घेतलं. आठही सिलिंडर १७५ ते १८५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आत होते, म्हणजे इंजिन निरोगी. मग इंधन रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, गेज लावून तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलला दाब नोंदवला. या गाडीचा इंधनदाब ५८ पीएसआय असायला हवा. मिनिटाला ५८०० फेऱ्यांना तो ४९ वर आला.

नायट्रसशिवाय ही अवस्था. रोजच्या वापरात मालकांना काहीच जाणवलं नव्हतं, जाणवणारही नव्हतं. यावर दीडशेचा शॉट मारला असता तर पहिल्याच रात्री इंजिन बसलं असतं. फिल्टर बदलल्यावर दाब ५२ पर्यंत सुधारला. उरलेला दोष पंपाचा होता.

या पिढीच्या कॅमारोत पंप टाकीत असतो आणि टाकी मागच्या एक्सलच्या वर. पंप काढायचा तर एक्सल खाली घेऊन टाकी उतरवावी लागते. म्हणून पुष्कळ जण डिकीच्या तळाचा पत्रा कापून वरूनच झाकण करतात. मालकांनाही कोणीतरी तेच सुचवलं होतं. पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर ग्राइंडर चालवायला मी नाही म्हणालो. पेट्रोल काढून टाकी रिकामी केली तरी तिच्यात वाफ राहते. आम्ही एक्सल खाली घेतला, पूर्ण दिवस घालवला आणि ताशी २५५ लिटरचा पंप बसवला. त्यानंतर फुल थ्रॉटलला दाब ५७च्या खाली गेला नाही.

वेट की ड्राय

ड्राय किटमध्ये फक्त नायट्रस फवारला जातो. जास्तीचं पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर देतात. वेट किटमध्ये नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकाच नोझलमधून येतात, प्रत्येकाचा जेट वेगळा. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. ५२ म्हणजे ०.०५२ इंच.

मालकांचा कल ड्रायकडे होता आणि त्यामागचं कारण चुकीचं नव्हतं. एलएस१चा इनटेक मॅनिफोल्ड नायलॉनचा आहे आणि तो हवा वाहून नेण्यासाठी बनवलेला आहे. वेट किटचं पेट्रोल कमी फेऱ्यांना त्यात साचतं आणि एखादी ठिणगी उलटी आली की मॅनिफोल्डच्या ठिकऱ्या उडतात. हे खरोखर घडतं.

पण इंजेक्टरचा हिशोब जुळत नव्हता. २००२च्या एलएस१ला ताशी सुमारे २८ पौंड देणारे इंजेक्टर आहेत. आठ इंजेक्टर, ८५ टक्के वेळ उघडे धरले तर ताशी १९० पौंड पेट्रोल. एका हॉर्सपॉवरला ताशी अर्धा पौंड धरला तर ३२५ हॉर्सपॉवरलाच १६२ पौंड लागतात. उरले २८ पौंड, म्हणजे फार तर पन्नासचा शॉट. त्यापुढे ड्राय न्यायचं तर मोठे इंजेक्टर आणि नवं ट्यूनिंग आलं. त्यामुळे आम्ही वेट किट घेतलं आणि मॅनिफोल्डचा धोका दुसऱ्या वाटेने आवरला. नायट्रस ३२०० फेऱ्यांच्या खाली कधीच सुरू होणार नाही अशी सोय केली. त्या वेगाला मॅनिफोल्डमधली हवा पेट्रोल साचू देत नाही.

दीडशेऐवजी शंभर

याच मुद्द्यावर सर्वाधिक चर्चा झाली. किटबरोबर १००, १२५ आणि १५० असे तिन्ही जेट येतात. मोठा जेट हातात असताना छोटा लावायला मन तयार होत नाही.

एलएस१चे पिस्टन ओतीव आहेत. नायट्रसची उष्णता पहिल्यांदा वरच्या रिंगला लागते. रिंग फुगते आणि तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात. त्यानंतरही ती फुगायला बघते, पण जागा नसते, म्हणून ती पिस्टनच्या कडेचा तुकडा उचकटून घेते. रेसिंगच्या इंजिनात रिंगच्या टोकांमधली फट मुद्दाम वाढवलेली असते. कारखान्यातून आलेल्या इंजिनात ती रोजच्या वापराच्या मापाची असते. त्यातच या गाडीचा मागचा एक्सल, सगळे ज्याला टेन-बोल्ट म्हणतात तो, चिकट टायरांवर मूळच्या ताकदीलाही तुटल्याची उदाहरणं आहेत. क्लचही जुना होता. शंभरावर हे सगळं आपापल्या मर्यादेत राहत होतं. दीडशेवर एक-एक करून सगळंच बदलावं लागलं असतं. मालकांनी हिशोब बघितला आणि शंभरावर आले.

ठिणगीची वेळ क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात आणि ढोबळ नियमाने दर ५० हॉर्सपॉवरला ती दोन अंश मागे घेतात. एलएस१ फुल थ्रॉटलला २६-२७ अंशांवर चालत होता, पट्टीच्या दिवसासाठी २२ अंशांचा वेगळा ट्यून ठेवला. प्लग एक पायरी थंड, टोक बाहेर न आलेले. फट मूळच्या ०.०६० इंचाऐवजी ०.०३५. पेट्रोल ९३ ऑक्टेन, दुसरं काही नाही.

जोडणी आणि स्विच

बाटली डिकीच्या खोलगट भागात, व्हॉल्व्ह पुढच्या दिशेला आणि किंचित उंच, लेबल वर. हे दिखाव्यासाठी नसतं. बाटलीच्या आत एक वाकडी नळी असते, तिचं तोंड मागच्या तळाशी. गाडी सुटली की द्रव मागे जातो आणि नळीला द्रवच मिळतो. लेबल खाली ठेवून बसवली तर नळी वाफ ओढते. ब्रॅकेटचे बोल्ट तळाच्या पत्र्यातून आरपार घेतले, खाली मोठे वॉशर लावले. ड्रॅग पट्ट्यांसाठीचे एनएचआरएचे (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) नियम इथे स्पष्ट आहेत : बाटली कायमची बसवलेली हवी, होज क्लॅम्प आणि टाय-रॅप चालत नाहीत. चकतीची नळी पत्र्यातून गाडीखाली नेली.

स्विचांच्या साखळीत किटच्या किमतीचा बराच हिस्सा गेला आणि मला तो सर्वात मोलाचा खर्च वाटतो. डॅशवर झाकणवाला मुख्य स्विच. थ्रॉटल केबलशेजारी मायक्रोस्विच, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच लागणारा, त्यामुळे गिअर बदलताना पाय उचलला की नायट्रस बंद. फेऱ्यांचा विंडो स्विच, ३२०० ते ५९०० यांच्यामध्येच वाट देणारा. या इंजिनाची मर्यादा ६२०० आहे, आणि नायट्रस चालू असताना मर्यादेवर आदळलं तर काँप्युटर इंजेक्टर बंद करतो पण किट आपलं फवारत राहतं. चौथा इंधनदाबाचा स्विच, ५०च्या खाली दाब गेला की सगळं तोडणारा. हे चारही एका ओळीत, एक जरी उघडा असेल तर रिलेला वीज नाही.

गाडी सुरू करण्याआधी फक्त इंधनाची बाजू वेगळी तपासली. नोझल बाहेर काढून मोजपात्रात धरला, मोकळ्या हवेत, अग्निशामक शेजारी ठेवून, आणि सोलेनॉइड उघडला. जेटमधून पेट्रोल वाहत असताना दाब ५६ला स्थिर राहिला. ही चाचणी अर्ध्या तासात होते आणि फारच थोडे जण करतात. मात्र इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये जोडलेल्या नोझलवर सोलेनॉइड "वाजवून" बघू नये. आत साठलेला नायट्रस आणि पेट्रोल पहिल्या सेल्फला एकदम पेटतात.

टेक्सासचा जून

नायट्रसच्या बाटलीतला दाब तापमानावर ठरतो, किती भरली आहे यावर फारसा नाही. शून्य अंशाला सुमारे ४५० पीएसआय, २० अंशाला ७३०, ३० अंशाला ९१५. बहुतेक किट ९०० ते १००० या पट्ट्यासाठी जेट ठरवून देतात. थंड प्रदेशात म्हणून बाटलीला हीटर लावतात, तोही दाबाच्या स्विचवर चालणारा ब्लँकेट. बाटलीला ज्योत दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापासून दूर उभं राहावं.

आमचा प्रश्न उलटा होता. कॅमारोच्या डिकीवर मोठी तिरपी काच आहे आणि जूनच्या संध्याकाळीही एनिसला ऊन तळपत असतं. रांगेत उभं असताना मालकांनी गेज बघायला सांगितलं. काटा १२००च्या पुढे होता.

३६.४ अंश सेल्सिअसच्या वर नायट्रसमध्ये द्रव आणि वायू हा भेदच संपतो आणि दाब झपाट्याने चढतो. वेट किटमध्ये पेट्रोलचा दाब मात्र ५७-५८ लाच असतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो असं धरलं, तर ९५० ऐवजी १२०० म्हणजे नायट्रस सुमारे १२ टक्के जास्त आणि पेट्रोल तेवढंच. नेमकं जे टाळायला इतकी मेहनत केली, तेच मागच्या दाराने आत येत होतं. मालकांनी रांग सोडली. गाडी सावलीत लावली, डिकी उघडली, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल बाटलीभोवती गुंडाळले. गाडीत बसून व्हॉल्व्ह सैल करायचा नाही, हे ठरलेलं होतं. दाब ९५० वर यायला बराच वेळ लागला आणि पट्टी बंद व्हायला थोडाच अवधी उरला. तेव्हापासून बाटलीवर परावर्तक आवरण असतं आणि पट्टीवर पोचेपर्यंत ती आइसबॉक्सशेजारी सावलीत प्रवास करते.

भरणं वजनावरच करून घ्यावं. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्यावर असतं, त्यात दहा पौंड मिळवायचे, एक औंसही जास्त नाही. जास्त भरलेली बाटली उन्हात चकती फोडते.

पहिली धाव

पहिला गिअर नायट्रसशिवाय. स्टार्टिंग लाइनच्या आधी पर्जने नळीतली वाफ काचेबाहेर सोडून दिली, म्हणजे नोझलला सुरुवातीपासून द्रव मिळतो. दुसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल, ३२०० ओलांडल्यावर गाडी पुढे झेपावली. १२.५ सेकंद, ताशी ११५ मैल. वाइडबँडवर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मापकावर, मिश्रण ११.६ होतं, नायट्रसशिवाय ते १२.८ असायचं. नॉकची, म्हणजे सिलिंडरमधल्या अवेळी भडक्याची, नोंद शून्य.

लगेच दुसरी धाव घ्यायचा मोह आवरला आणि आठही प्लग काढले. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलेला असतो. एलएस इंजिनांत सातव्या सिलिंडरचा प्लग अनेक ट्यूनर आधी बघतात, आम्हीही बघितला. स्वच्छ होता. शंभराच्या शॉटला दहा सेकंदांना साधारण एक पौंड जातो, म्हणजे एका बाटलीत दहाएक धावा निघतात.

रस्त्यावर

घरी जाताना मुख्य स्विच बंद, बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, नळी रिकामी करून सुटी केलेली. हायवेच्या रॅम्पवर एकदा वापरून बघावं का, असं मालकांनी विचारलं होतं. नाही. १०० हॉर्सपॉवर एका क्षणात मागच्या चाकांवर येतात आणि शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब असतं. कायद्याचीही बाजू आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलंच किट रस्त्यावरच्या गाडीत चालतं. आपल्या राज्याचा नियम आणि विम्याची अट किट मागवण्याआधीच वाचून घ्यावी.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं. दाबाखालच्या बाटलीला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागतात, त्याचं नियंत्रण नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे आहे. वैद्यकीय नायट्रसची बाटली कुठूनतरी मिळवून गाडीत बसवण्याचा विचार कुणी करत असेल तर तो पूर्ण सोडावा. मोटारीसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये अमेरिकेत थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, तोही लोकांनी नायट्रस हुंगू नये म्हणूनच.

मालक आता १२५च्या जेटबद्दल विचारतात. त्यासाठी आधी मोजपात्राची चाचणी १२५च्या इंधन जेटवर पुन्हा करायची आहे, फुल थ्रॉटलला दाबाची नोंद घ्यायची आहे, आणि क्लच बदलायचा आहे. क्लच मागवला आहे. दाब ५५च्या खाली गेला तर शंभरावरच राहायचं, हे दोघांनी आधीच ठरवून टाकलं आहे.